डेनिस रिची : बिनकुंपणाच्या भाषेचा शिल्पकार

विश्रांतवाडीहून आळंदी रस्त्याने दिघीकडे जाऊ लागले, की टेकडीच्या अंगाला आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी लागते. लष्करातील जवानांची आणि अधिकाऱ्यांची मुले तेथे अभियांत्रिकी शिकतात. राज्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची संगणकाशी पहिली गंभीर ओळख पिढ्यान्‌पिढ्या 'सी' या भाषेतून होत आली आहे. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक कित्येक घरांत थोरल्या भावंडाकडून धाकट्याकडे वारशाने आले. ही भाषा शिकविणारे शिक्षक सुरुवातीलाच एक इशारा देतात. दहा घरांची रांग मांडून अकराव्या घरात काही ठेवले, तर भाषा हटकणार नाही. सांभाळायचे ते लिहिणाऱ्याने. परीक्षेपुरती लक्षात राहणारी ही गोष्ट पुढे फारशी कोणी आठवत नाही.

त्याच विश्रांतवाडीत संध्याकाळी कामावरून परतलेल्या माणसाच्या मोबाईलवर एक सूचना झळकते : प्रणालीतील सुरक्षाविषयक त्रुटी दूर करण्यासाठी ती अद्ययावत करावी. आता करावे की रात्री, की सुरळीत चाललेल्या यंत्राला हातच लावू नये? प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो घराप्रमाणेच बँकेत, इस्पितळात आणि बंदरातही दर महिन्याला पडतो. शिक्षकांचा इशारा आणि मोबाईलवरील सूचना यांचा उगम बऱ्याच अंशी एकच आहे. त्याचा शोध घेताना डेनिस मॅकअलिस्टर रिची यांच्या आयुष्यापाशी यावे लागते.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला. वडील अ‍ॅलिस्टर रिची हे बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ होते. स्विचिंग मंडलांच्या रचनेवरील एका नावाजलेल्या ग्रंथाचे ते सहलेखक. मुलाचे बालपण न्यूजर्सीतील समिट या गावात गेले. हार्वर्ड विद्यापीठातून १९६३ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर त्यांनी तेथेच उपयोजित गणितात संशोधन केले. १९६८ मध्ये प्रबंध लिहून पूर्ण झाला. मात्र त्याची बांधीव प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करण्याचा उपचार त्यांनी कधी पार पाडलाच नाही, आणि म्हणून डॉक्टरेटही मिळाली नाही. ज्यांच्या ग्रंथावर जगभरातील प्राध्यापकांनी आपली कारकीर्द उभारली, ते स्वतः अखेरपर्यंत 'डॉक्टर' नव्हते.

१९६७ मध्ये ते वडिलांच्याच संस्थेत, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे त्या वेळी 'मल्टिक्स' नावाच्या महत्त्वाकांक्षी ऑपरेटिंग सिस्टिमवर काम चालू होते. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा अशा तिघांचा तो प्रकल्प होता. एकाच संगणकावर शेकडो लोकांनी एकाच वेळी काम करावे आणि एकाची माहिती दुसऱ्याच्या हाती लागू नये, हे त्याचे उद्दिष्ट. सुरक्षा हा तेथे पायाचा दगड होता. पण काम लांबत गेले, खर्च वाढत गेला आणि १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने अंग काढून घेतले.

रिची यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांना मल्टिक्सवर काम करण्याची गोडी लागली होती. बाजूला पडलेला पीडीपी-७ नावाचा एक लहान संगणक त्यांना सापडला. १९६९ च्या उन्हाळ्यात पत्नी आणि लहान मूल सुट्टीसाठी गावाला गेले असताना महिनाभरात त्यांनी एका नव्या, आटोपशीर प्रणालीचा सांगाडा उभा केला. तीच 'युनिक्स'. रिची तिच्यात लवकरच सामील झाले, आणि ही जोडी पुढे बरीच वर्षे टिकली.

या प्रणालीसाठी नवा पीडीपी-११ संगणक आला, तेव्हा त्याची एकूण स्मृती २४ किलोबाइट होती. त्यातली १६ प्रणालीला आणि उरलेली ८ वापरणाऱ्यांच्या आज्ञावल्यांना. आजच्या मोबाईलवर काढलेले एक छायाचित्रही एवढ्या जागेत मावणार नाही. रिची यांच्या निर्णयांचा न्यायनिवाडा करताना हा आकडा विसरता कामा नये. अशा यंत्रावर जादा तपासणीची प्रत्येक ओळ ही कोणाच्या तरी तोंडचा घास होती.

थॉम्प्सन यांनी मार्टिन रिचर्ड्स यांच्या 'बीसीपीएल'वरून 'बी' नावाची भाषा बेतली होती. नव्या यंत्रावर ती अपुरी पडू लागली, म्हणून रिची यांनी तिला निरनिराळ्या प्रकारच्या माहितीचे भान दिले आणि १९७१ ते १९७३ या काळात 'सी' भाषा घडविली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभाच या भाषेत नव्याने लिहिण्यात आला. तोवर ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे एका विशिष्ट यंत्राच्या बोलीत लिहावयाची गोष्ट, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. 'सी'मुळे ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागली. हे यश एवढे मोठे ठरले, की त्यासोबत काय प्रवास करीत आहे याकडे पाहण्यास पुष्कळ वर्षे कोणाला सवड झाली नाही.

सोबत प्रवास करीत होती ती कुंपणाची उणीव. सोसायटीच्या तळमजल्यावर दहा पत्रपेट्या ओळीने लावल्या आहेत आणि त्यांच्या शेजारीच विजेच्या मीटरची पेटी आहे, अशी कल्पना करावी. पोस्टमनला पहिली पेटी कोठे आहे एवढेच ठाऊक आहे, एकूण किती आहेत हे ठाऊक नाही. अकरावे पत्र आले तर तो मोजत पुढे सरकतो आणि ते थेट मीटरच्या पेटीत टाकतो. 'सी' भाषेतील रांग अशीच असते. एका कामातून दुसऱ्या कामाकडे रांग सोपविताना फक्त तिच्या आरंभाचा पत्ता पोचतो, लांबी पोचत नाही. आणि त्या शेजारच्या जागेत पुष्कळदा असते ती हातातले काम संपल्यावर संगणकाने कोठे परतायचे हे सांगणारी चिठ्ठी. कोणी जाणूनबुजून जास्तीचा मजकूर पाठविला आणि त्याच्या शेपटीत स्वतःला हवा तो पत्ता ठेवला, तर संगणक निमूटपणे त्या परक्या पत्त्यावर जातो आणि तेथे सांगितलेले काम करू लागतो. सुरक्षाविषयक त्रुटी म्हणून आपण जे ऐकतो त्याचा एक फार मोठा भाग एवढाच आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये दिलेल्या माहितीनुसार त्या कंपनीला दर वर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षात्रुटींपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या हाताळणीतील चुकांतून येतात. 'सी' आणि तिच्यातून निघालेल्या 'सी प्लस प्लस' या भाषांतील जुन्या मजकुराचा त्यात मोठा वाटा आहे.

हा दोष सर्वस्वी रिची यांचा म्हणता येत नाही. बराचसा वारसा 'बीसीपीएल' आणि 'बी'कडून आलेला होता. तरीही दुसरी वाट होती, हे नाकारता येणार नाही. मल्टिक्स ज्या पीएल-वन भाषेत लिहिली गेली होती, तिच्यात मजकुरासोबत त्याची लांबीही चालत असे. पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी १९७४ मध्ये मल्टिक्सची सुरक्षा तपासली होती. तीस वर्षांनी त्या कामाचा मागोवा घेताना त्यांनी दाखवून दिले, की या प्रकारची भगदाडे मल्टिक्समध्ये फारशी का नव्हती. सोडून दिलेल्या त्या अवजड प्रणालीजवळ ही एक गोष्ट होती, जी चपळ युनिक्सजवळ नव्हती.

रिची यांना आपल्या निर्मितीच्या मर्यादा ठाऊक नव्हत्या असे मुळीच नाही. सत्तरच्या दशकात त्यांनी युनिक्सच्या सुरक्षेवर एक छोटे टिपण लिहिले आणि ते प्रणालीच्या अधिकृत माहितीपुस्तकासोबतच छापले गेले. युनिक्स घडविताना सुरक्षा हा हेतू नव्हता आणि त्यामुळे तीत उणिवा असणारच, हे त्यांनी आरंभीच मान्य करून टाकले. पुढे कोणती भगदाडे कशी वापरता येतील याची चर्चाही त्यांनी केली. आपल्या मालातील दोष मालासोबतच लिहून देणारा कारागीर विरळा. अर्थात टिपण लिहिल्याने दोष जात नाहीत, आणि ते वाचणारे थोडे निघाले हेही खरे.

सुरक्षेच्या बाबतीत त्यांनी एक महत्त्वाची सोयही दिली. सामान्य वापरकर्त्याला एखादे काम तेवढ्यापुरते मालकाच्या अधिकाराने करता यावे, उदाहरणार्थ स्वतःचा पासवर्ड बदलता यावा, यासाठी त्यांनी 'सेट-यूआयडी' ही युक्ती शोधली. तिचे पेटंट १९७९ मध्ये मिळाले आणि नंतर ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. युक्ती सुंदर होती. पण उसन्या अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलीत वर सांगितलेले भगदाड निघाले, की तो अधिकार हल्लेखोराच्या हाती जाई. एकाच माणसाच्या दोन कल्पना, प्रत्येक आपल्या जागी समर्थनीय, आणि एकत्र आल्या की घातक.

त्रुटी सापडल्यावर ती जाहीर करावी की नाही, हा पेचही त्यांच्या वाट्याला आला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात रिची, जेम्स रीड्स आणि रॉबर्ट मॉरिस यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने वापरलेल्या एम-२०९ या सांकेतिक यंत्राचा संदेश केवळ सांकेतिक मजकुरावरून उलगडण्याची रीत शोधून काढली. शोधनिबंध तयार झाला. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेशी संबंधित एका निवृत्त गृहस्थांनी त्यांची भेट घेतली. तशाच तत्त्वावरची यंत्रे काही देश अजून वापरीत आहेत, असे सौम्यपणे सुचविण्यात आले. सक्ती नव्हती. तरी तिघांनी निबंध छापला नाही. ज्यांच्या यंत्रात ती त्रुटी होती त्यांना ते बदलण्याचा विचार करण्याची संधी त्यामुळे मिळाली नाही, ही त्या निर्णयाची दुसरी बाजू. रिची यांनी ही हकीकत २००० मध्ये स्वतःच लिहून ठेवली. निबंध मात्र त्यांच्या निधनानंतरच प्रसिद्ध झाला.

दरम्यान १९७८ मध्ये ब्रायन कर्निगन यांच्यासह लिहिलेले 'सी' भाषेवरील पुस्तक निघाले आणि जगभर पोचले. १९८३ मध्ये थॉम्प्सन आणि रिची यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. थॉम्प्सन यांनी आपले व्याख्यान एका अस्वस्थ करणाऱ्या विषयावर दिले : आज्ञावली तयार करणाऱ्या साधनातच घातपात दडविला, तर मूळ मजकूर कितीही तपासला तरी तो सापडणार नाही. रिची संशोधनासाठी लागणाऱ्या वातावरणाविषयी बोलले. स्वभावातील फरक तेथेही दिसला. रिची मितभाषी आणि संकोची होते, दुपारी कार्यालयात येत आणि रात्री उशिरापर्यंत काम करीत.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी जे घडले, ते जणू त्या जुन्या टिपणाचे प्रात्यक्षिक होते. एका विद्यार्थ्याने सोडलेली, स्वतःच्या प्रती काढत पसरणारी आज्ञावली काही तासांत इंटरनेटवरील हजारो संगणकांत शिरली. नेहमी दिला जाणारा अंदाज सुमारे ६,००० यंत्रांचा आहे. तिच्या अनेक वाटांपैकी एक होती बर्कले येथे वाढविलेल्या युनिक्समधील एक साधी सेवा. ५१२ अक्षरांची जागा राखून ती 'गेट्स' या 'सी'च्या ठरावीक आज्ञेने मजकूर वाचीत असे. 'गेट्स' कधीच जागा किती आहे ते विचारत नाही. पाचशे बाराच्या पुढचे अक्षर आले आणि दार उघडले. तो विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस, म्हणजे रिची यांच्यासोबत एम-२०९ चा उलगडा करणाऱ्या रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा.

मग 'सी' बदलली का नाही? पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, तिचे अमेरिकी प्रमाणक निघाले आणि त्यात 'गेट्स' कायम राहिली. लिहून झालेल्या आज्ञावल्या मोडू नयेत हे समितीचे सूत्र होते, आणि त्यात तथ्यही होते, कारण तोवर असंख्य कार्यालये त्या आज्ञावल्यांवर उभी होती. रिची समितीत नव्हते. एकदाच, १९८८ मध्ये, भाषेत घालावयाच्या एका नव्या शब्दाने जुन्या शुद्ध आज्ञावल्या नकळत बिघडतील असे दिसताच त्यांनी खरमरीत पत्र लिहिले आणि तो शब्द वगळला गेला. म्हणजे त्यांच्या शब्दाला वजन होते. १९९० मध्ये त्यांनी रांगेच्या पत्त्यासोबत तिची लांबीही चालावी अशी सुधारणा एका निबंधात मांडली. पत्रपेट्यांची संख्या पोस्टमनला सांगण्याचीच ती तजवीज होती. ती स्वीकारली गेली नाही. नको तो बदल थांबविण्याइतके वजन असलेल्या माणसाला हवा तो बदल घडवून आणता आला नाही. जुन्या प्रणालीची गंमत आणि शोकांतिका इथेच आहे.

त्यांच्या विभागाने तर पूर्ण पर्यायच उभा केला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात रॉब पाइक, थॉम्प्सन आणि सहकाऱ्यांनी 'प्लॅन नाइन' ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहावयास घेतली. रिची विभागप्रमुख या नात्याने पाठीशी होते. या प्रणालीत सर्वाधिकारी वापरकर्ता नव्हता आणि 'सेट-यूआयडी'ही नव्हती; आपल्याच पेटंट घेतलेल्या युक्तीची गच्छंती त्यांनी शांतपणे पाहिली. पुढे 'इन्फर्नो' प्रणाली आली. तिच्यासाठी केलेल्या 'लिम्बो' भाषेत रांगेबाहेर पाऊल टाकले की आज्ञावली तेथेच थांबविली जाते. 'लिम्बो'चे अधिकृत वर्णन लिहिले ते रिची यांनीच. कुंपणाविना भाषा देणाऱ्याने कुंपणाच्या भाषेची पोथी लिहिली, हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण जग जागचे हलले नव्हते. युनिक्स पुरेशी चांगली होती. अनेक बाबतींत सरस असलेली नवी प्रणाली घेण्यासाठी सारे जुने टाकून द्यावे, एवढा जाच तिच्याने होत नव्हता.

या न हलण्याचा हिशेब महाराष्ट्रातही चुकता करावा लागला. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली. तरी देशातील एटीएम यंत्रे त्यानंतरही तीवर चालत होती, कारण यंत्र पैसे मोजून देत होते आणि प्रणाली बदलायची तर अनेकदा यंत्रच बदलावे लागे. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना टप्पे आखून दिले आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रांवरून जुनी प्रणाली हटविण्यास सांगितले. त्याआधी २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या'च्या हल्ल्यात न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडियाचे काम विस्कळित झाले होते. ही आज्ञावली विंडोजमधील ज्या भगदाडाचा फायदा घेई ते रांगेबाहेर मजकूर जाण्याचेच होते, आणि त्याची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. पण एवढ्यावरून आळशांना दोष देऊन मोकळे होता येत नाही. हा हल्ला मुळात पसरला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून. ज्यांनी तत्परतेने नवी आवृत्ती घेतली, त्यांच्याच घरात तो आधी शिरला. शिवाय आतल्या जाळ्यात चोरलेल्या पासवर्डांच्या आधारे तो दुरुस्ती केलेल्या यंत्रांवरही जाई. दुरुस्ती त्वरित घ्यावी, आणि ती कोणाकडून येते हेही पाहावे, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगाव्या लागतात. थॉम्प्सन यांच्या त्या व्याख्यानाची आठवण अशा वेळी होते.

रिची यांना १९९८ चे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. २०११ चा जपान पुरस्कार थॉम्प्सन यांच्यासह त्यांना देण्यात आला, तेव्हा प्रकृती खालावलेली होती. ते अविवाहित होते आणि न्यूजर्सीतील बर्कले हाइट्स येथे एकटेच राहत. १२ ऑक्टोबर २०११ रोजी ते घरी मृतावस्थेत आढळले. आठवडाभरापूर्वीच, ५ ऑक्टोबरला, अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले होते आणि वृत्तपत्रांचे रकाने त्या वार्तेने भरलेले होते. ज्या आयफोनसाठी जॉब्ज यांचे स्मरण केले जात होते, त्याची प्रणाली युनिक्सच्याच वंशातली होती. आणि अँड्रॉइडचा गाभा असलेली लिनक्स आजही मुख्यतः 'सी'मध्येच आहे. तिच्यात रस्ट या मर्यादा तपासणाऱ्या भाषेला प्रवेश मिळाला तो डिसेंबर २०२२ मध्ये.

रिची गेल्यानंतर दोन महिन्यांनी, डिसेंबर २०११ मध्ये, 'सी' भाषेचे नवे आंतरराष्ट्रीय प्रमाणक प्रसिद्ध झाले. त्यातून 'गेट्स' वगळण्यात आली होती.